गोदामातले काम आणि आपली मुले

आंधळगाव म्हटले की हातमाग आणि कोशाचे कापड डोळ्यांपुढे येते. पण नुसत्या मागावर आता घर चालत नाही. म्हणून मुले बुटीबोरी, भिवंडीपर्यंत गोदामात कामाला जातात. तिथे हमालांच्या शेजारीच फोर्कलिफ्ट धावत असते.

आमच्या ओळखीच्या एका मुलाचा पाय फोर्कलिफ्टच्या मागच्या चाकाखाली आला. ठेकेदाराने खासगी दवाखान्यात पट्टी बांधून दिली, हातावर दोन हजार ठेवले आणि कोऱ्या कागदावर सही घेतली. पुढे म्हणाला, ‘त्या दिवशी हा कामावर नव्हताच.’ मुलगा सहा महिने घरी बसला. घर चालवले ते आईने, विड्या वळून.

हे यंत्र मोटारीसारखे वळत नाही. त्याची मागची चाके वळतात, त्यामुळे मागचा भाग एकदम बाजूला झोकतो. भिंत आणि यंत्र यांच्यामध्ये कधी उभे राहू नये. उचललेल्या मालाखाली जाऊ नये, काट्यांवर उभे राहून वर चढू नये. माल उंच धरून चालवले तर समोरचे दिसत नाही आणि यंत्र कलंडते. बसून चालवायचे यंत्र कलंडले तर चालकाने उडी मारू नये, कारण उडी मारणाराच त्याखाली सापडतो. पट्टा बांधलेला असावा, स्टिअरिंग घट्ट धरावे आणि पडण्याच्या उलट बाजूला झुकावे. शिकवल्याशिवाय चावी दिली तर ती घेऊ नये.

आता हक्काचे. कामावरच्या दुखापतीच्या भरपाईचा कायदा 1923 मध्ये झाला. 21 नोव्हेंबर 2025 पासून ती तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. ईएसआय लागू असेल तर कामावर इजा झालेल्यास बरे होईपर्यंत मजुरीच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते. त्यासाठी वर्गणी अमुक महिने भरलेली असावी अशी अट नाही. पण अपघाताची नोंद लागते.

म्हणून माय-बापहो, मुलगा सुटीवर आला की पगार किती, एवढेच विचारू नका. ईएसआय कार्ड आहे का, हजेरीचा पुरावा आहे का, ठेकेदाराचे आणि कंपनीचे नाव काय, हेही विचारा आणि घरच्या वहीत लिहून ठेवा. अपघात झालाच तर त्याच दिवशी नोंद करायला लावा, सोबत्यांची नावे लिहून घ्या, दवाखान्याचे कागद जपा. कोऱ्या कागदावर मात्र सही करू नका, कोणी कितीही गोड बोलले तरी.