संकासुराचा काळा झगा आणि एकसष्ट मेगापिक्सेल

पिक्सेल लहान झाला की कॅमेरा अंधारात गडबडतो, ही समजूत आपल्याकडे इतकी घट्ट बसली आहे, की नवा फुल-फ्रेम घ्यायला निघालेला माणूस दुकानात शिरण्याआधीच अर्धा घाबरलेला असतो. लग्नं, जत्रा, नाटकं अशी रात्रीची कामं करणाऱ्यांचा मला येणारा प्रश्न ठरलेला: एकसष्ट मेगापिक्सेलचा घेऊन पस्तावू का? त्यापेक्षा कमी मेगापिक्सेलचा, ‘लो-लाइट’वाला बरा नाही का? माझं उत्तर आधी सांगतो, कारणं मग. व्हिडिओ नव्हे, फोटोच काढायचे असतील तर नॉइजच्या भीतीपोटी मेगापिक्सेल कमी करू नका. कमी मेगापिक्सेल घ्यायला इतर चांगली कारणं आहेत आणि त्यांच्याकडे येऊच. पण नॉइज हे त्यातलं कारण नव्हे.

समजूत हवेतून आलेली नाही. २००७ मध्ये निकॉनने डी३ आणला. तो त्यांचा पहिला फुल-फ्रेम, बारा मेगापिक्सेलचा. त्याच वर्षी कॅननचा वनडीएस मार्क ३ आला, एकवीस मेगापिक्सेलचा. कॅननचा नेहमीचा आयएसओ १,६०० ला संपायचा, निकॉनचा ६,४०० पर्यंत जायचा. २०१४ मध्ये सोनीने ए७एस काढला; पुन्हा बाराच मेगापिक्सेल, आणि आयएसओ थेट ४,०९,६०० पर्यंत. हे सगळं डोळ्यांसमोर घडलेल्या पिढीने गणित पक्कं केलं: थोडे पिक्सेल, मोठे पिक्सेल, स्वच्छ फोटो. मधल्या २०१२ सालाकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. त्या वर्षी निकॉनने सोळा मेगापिक्सेलचा डी४ आणि छत्तीस मेगापिक्सेलचा डी८०० असे दोन्ही बाजारात आणले. दोघांचे फोटो एकाच आकाराला आणून शेजारी ठेवले, तर बऱ्याच वरच्या आयएसओपर्यंत फरक शोधावा लागायचा.

अंधारातल्या फोटोची कठीण परीक्षा पाहायची तर दक्षिण कोकणातला दशावतार घ्या. देवळाच्या जत्रेत पालखीची प्रदक्षिणा आटोपली की मध्यरात्रीच्या सुमारास नाटक उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं. रंगमंच म्हणजे एक पडदा आणि एक बाकडं. राजाचं सिंहासन तेच. बाजूला हार्मोनियम, पखवाज, झांज. उजेड पूर्वी पेट्रोमॅक्सचा, आता हॅलोजनचा नाहीतर एलईडीचा, आणि बहुतेक वेळा समोरूनच. राजाचा मुकुट आणि रंगवलेला चेहरा लखलखतो, मागचा पडदा अर्ध्या उजेडात, कडेची सगळी जागा काळोखात. सुरुवातीच्या भागात, आडदशावतारात, संकासुर हा राक्षस येतो तेव्हा खरी पंचाईत. अंगभर काळा झगा आणि त्यावर लोंबणारी लाल जीभ. जिभेचं एक्स्पोजर बरोबर धरलं की झगा इतका खाली जातो, की त्याच्या चुण्यांमधून कॅमेऱ्यापर्यंत जेमतेम उजेड पोचतो. नॉइज सगळ्यात आधी दिसतो तो त्या चुण्यांत.

आता सोनीचेच दोन कॅमेरे शेजारी ठेवू. २०२० चा ए७एस ३, बारा मेगापिक्सेलचा; २०२२ चा ए७आर ५, एकसष्ट मेगापिक्सेलचा. सेन्सर दोघांचाही सुमारे ३६ बाय २४ मिलिमीटरचा. पहिल्याचा पिक्सेल सुमारे ८.४ मायक्रॉनचा, दुसऱ्याचा ३.७६ चा. म्हणजे क्षेत्रफळाने पाहिलं तर एका मोठ्या पिक्सेलच्या जागेत पाच लहान बसतात. लेन्स तीच, शटर तेच. झग्याच्या एका चुणीवरून मोठ्या पिक्सेलवर १,००० फोटॉन आले असं समजू. उजेड कणाकणाने येतो आणि ते कण मोजूनमापून येत नाहीत. जितके येतात, त्या संख्येच्या वर्गमुळाइतका चढउतार त्यांत राहतोच. हजाराचं वर्गमूळ सुमारे ३२, म्हणजे तीन टक्के चढउतार. हाच नॉइज. लहान पिक्सेलवर येणार २०० फोटॉन, त्यांचं वर्गमूळ १४, म्हणजे सात टक्के. इथवर पाहून लोक निकाल देऊन मोकळे होतात. पण त्या जागेतले पाचही लहान पिक्सेल एकत्र धरा: फोटॉन पुन्हा हजार, चढउतार पुन्हा ३२. नॉइजचा मोठा वाटा कॅमेरा तयार करतच नाही, तो उजेडाबरोबरच येतो. उजेड किती गोळा झाला हे सेन्सरचा एकूण आकार, लेन्सचं ॲपर्चर आणि शटर या तिघांवर ठरतं. त्या सेन्सरचे तुकडे किती पाडले, यावर नाही.

कुणी म्हणेल, तुकडे पाडताना मधल्या तारांनी जागा खाल्ली त्याचं काय? हा आक्षेप एके काळी बरोबर होता. २०१५ मध्ये ए७आर २ आला, तो मागून उजेड घेणारा पहिला फुल-फ्रेम सेन्सर. त्यात तारा उजेडाच्या वाटेतून पाठीमागे गेल्या. निकॉनने २०१७ च्या डी८५० मध्ये तेच केलं. त्यानंतर या आक्षेपात फारसा दम उरला नाही.

खरा फरक उरतो तो वाचनाचा. प्रत्येक पिक्सेल वाचताना इलेक्ट्रॉनिक्स आपली थोडी भर घालतंच. वरच्या आयएसओवर ती दीड इलेक्ट्रॉनाएवढी धरू. हजार फोटॉनांपुढे ती कुणाच्या खिजगणतीत नाही. पण चुणी इतकी काळी असेल की मोठ्या पिक्सेलवर दहाच फोटॉन आले, तर हिशोब बदलतो. एकदा वाचलेल्या मोठ्या पिक्सेलचा एकूण नॉइज सुमारे साडेतीन, आणि पाच वेळा वाचलेल्या लहानांचा मिळून साडेचारच्या पुढे. हा फरक खरा आहे आणि तो दिसतो. मात्र तो दिसतो आयएसओ २५,६०० च्या पलीकडच्या गडद सावल्यांत, जिथे दोघांचेही फोटो तसे ओढूनताणूनच उभे असतात. जत्रेतल्या हॅलोजनखाली आयएसओ ३,२०० ते १२,८०० मध्ये काम करणाऱ्याने त्यासाठी उरलेल्या रात्रीचा बारकावा का सोडावा?

मग एकसष्टवाल्याचा फोटो स्क्रीनवर इतका खरखरीत का दिसतो? कारण आपण तो शंभर टक्क्यांवर उघडतो. चोवीस इंची फुल एचडी मॉनिटरची रुंदी ५३ सेंटिमीटर आणि त्यात १,९२० पिक्सेल. ए७आर ५ चा फोटो ९,५०४ पिक्सेल रुंद. शंभर टक्क्यांवर तुम्ही पाहता तो २६० सेंटिमीटर रुंदीच्या, म्हणजे साडेआठ फुटांच्या प्रिंटचा एक तुकडा, तोही हातभर अंतरावरून. ए७एस ३ चा फोटो त्याच हिशोबाने १२० सेंटिमीटरही भरत नाही. एक प्रिंट भिंतभर आणि एक कपाटाच्या दारापुरता, आणि दोघांना नाक लावून आपण निकाल देतो. हा अन्याय आहे आणि त्यापायी लोक लाखाच्या घरातले निर्णय घेतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दोन्ही फोटो बारा बाय अठरा इंचांवर छापा, टेबलावर ठेवा आणि मग बोला.

क्रॉपबद्दल मात्र सावध करायला हवं, कारण जास्त मेगापिक्सेलवाले फसतात ते इथे. मागच्या रांगेतून ८५ ची लेन्स लावून काढायचं आणि ‘नंतर कापू, मेगापिक्सेल आहेतच की’ असं म्हणायचं. एपीएस-सीएवढा तुकडा कापला तरी ए७आर ५ मध्ये २६ मेगापिक्सेल उरतात, हे खरं. पण पिक्सेलबरोबर तुम्ही उजेडही कापून टाकलात. सेन्सरच्या त्या तुकड्याचं क्षेत्रफळ पूर्ण सेन्सरच्या निम्म्याहूनही कमी, साधारण सव्वादोन ते अडीच पटींनी लहान. राहिलेल्या फोटोत नॉइज वाढलेला दिसणारच आणि त्याचा दोष लहान पिक्सेलच्या माथी मारला जाणार. उन्हात क्रॉप खुशाल करा. रात्री पुढे जाऊन बसा. दशावतारात ते अवघडही नाही. पोरं बसतात तिथे मांडी घालून बसलं तर कुणी उठवत नाही.

लेन्सचं तर लोक बोलतही नाहीत. एफ/४ च्या झूमवरून एफ/१.८ च्या साध्या प्राइमवर आलात तर सेन्सरवर पाचपट उजेड पडतो. मघाशी मोठ्या-लहान पिक्सेलमध्ये जो पाचाचा आकडा आला तोच हा, फक्त हा खरोखर हातात पडतो. तीच गोष्ट शटरची. राक्षस आणि राजाचं युद्ध सुरू असेल, गिरक्यांवर गिरक्या चालू असतील, तर १/५०० लागेलच. पण राजा बाकड्यावर बसून लांबलचक भाषण करत असताना १/५०० कशाला? १/१०० वर या. पाचपट उजेड पुन्हा मिळाला. शिवाय आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, त्यामुळे १/१०० वर फोटोत येणारे आडवे पट्टेही बहुतेक वेळा जातात. ए७आर ५ असेल तर मेकॅनिकल शटरच वापरा. त्याचा सेन्सर पूर्ण वाचायला सुमारे एक दशांश सेकंद लागतो आणि एलईडीखाली इलेक्ट्रॉनिक शटरने फोटोची पट्ट्यापट्ट्यांची गोधडी होते.

या वाचनाच्या वेगातच कमी मेगापिक्सेलची खरी बाजू आहे. फोर-के व्हिडिओची चौकट ३,८४० बाय २,१६०, म्हणजे सव्वाआठ मेगापिक्सेलची. बारा मेगापिक्सेलचा सेन्सर जवळजवळ पूर्ण रुंदीने, ओळी न गाळता, झटपट वाचता येतो. ए७एस ३ सेकंदाला १२० चौकटी काढतो, तो त्याच बळावर. तुमची मिळकत व्हिडिओतून येत असेल, तर डोळे झाकून तिकडे जा. दुसरी बाजू फाइलींची. एकसष्ट मेगापिक्सेलची न दाबलेली रॉ फाइल १२० एमबीच्या आसपास, बाराची २५ च्या. लग्नात दोन हजार फ्रेम झाल्या तर एकीकडे अडीचशे जीबी, दुसरीकडे पन्नास. दाबलेल्या रॉमध्ये दोन्ही आकडे खाली येतात, एकास पाच हे प्रमाण साधारण तसंच राहतं. हार्ड डिस्क, त्यांच्या बॅकअपच्या हार्ड डिस्क, एडिटिंगचा संगणक, अल्बमवाल्याकडे अपलोड करण्यात गेलेली रात्र, हे सगळं किमतीत धरायला हवं. बारा बाय छत्तीसच्या करिझ्मा अल्बमसाठी चोवीस ते तेहतीस मेगापिक्सेल भरपूर होतात. सीझनमध्ये रोज लग्न करणाऱ्याला मी त्याच पट्ट्यातला कॅमेरा सुचवतो, आणि तो नॉइजसाठी नव्हे, झोपेसाठी.

मेगापिक्सेलचा आकडा नॉइजबद्दल किती कमी सांगतो याचा पुरावा निकॉननेच दिला आहे. २०२४ च्या झेड ६-३ मध्ये मेगापिक्सेल आधीच्या झेड ६-२ एवढेच, चोवीस. पण सेन्सर वेगाने वाचला जावा म्हणून त्याची रचना बदलली, आणि आयएसओ १०० वर काढलेल्या फोटोच्या सावल्या उचलल्या तर नव्यात नॉइज थोडा जास्तच दिसतो. वेगासाठी मोजलेली ती किंमत, आणि क्रीडा-छायाचित्रकाराला ती रास्तही वाटेल.

माझा स्वतःचा कौल जास्त बारकाव्याकडे झुकतो, आणि तो दशावतारासारख्या गोष्टींमुळे. नट आपला चेहरा स्वतः रंगवतो. भुवईवरची रेघ कुठे जाड, कुठे बारीक, कपाळावरच्या नाममुद्रेचा रंग कुठे ओघळला, मुकुटावरची काच कुठे निखळून पुन्हा चिकटवली, हे एकसष्ट मेगापिक्सेलमध्ये वाचता येतं. बारा मेगापिक्सेलमध्ये मुकुट दिसतो. त्याची डागडुजी दिसत नाही. जो बारकावा त्या रात्री टिपला गेला नाही, तो पुढे कुठल्याही सॉफ्टवेअरने खरा परत येत नाही. नॉइजचं तसं नाही. लाइटरूममध्ये एप्रिल २०२३ पासून जो डीनॉइज मिळाला, त्याने दहा वर्षांपूर्वीच्या रॉ फाइलींतून काढलेले फोटो पाहा, पटेल. तो पूर्ण ताकदीने मात्र लावू नका. संकासुराचा झगा रेक्झिनसारखा गुळगुळीत होतो आणि रंगाच्या कुंचल्याच्या खुणा पुसल्या जातात. नॉइज थोडा राहू द्यावा. थोड्या खरखरीने फोटो वाया जात नाही. हात हलला किंवा फोकस चुकला तर मात्र जातो.

दुकानात कॅमेरा पाहायला जाल तेव्हा आपलं कार्ड बरोबर न्या आणि काउंटरखालच्या अंधारात काळी बॅग किंवा छत्री ठेवून दोन्ही कॅमेऱ्यांवर एकाच लेन्सने, एकाच ॲपर्चर, शटर आणि आयएसओवर रॉ फोटो घ्या. घरी येऊन मोठा फोटो लहान करून दोघांची रुंदी सारखी करा, मग कापडाच्या घड्या पाहा. तिथे फरक दिसला नाही, तर नॉइजचा विषय यादीतून काढून टाका आणि उरलेल्या पैशांत ८५ एफ/१.८ बसते का, ते दुकानदाराला विचारा.