पनवेलला शिकण्यासारखे काय आहे?



दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघरी एकच प्रश्न. पोराला, पोरीला पुढे कुठे घालायचे? आपल्या भागात नांदेड-परभणीपासून पनवेलला थेट रेल्वे जाते. मुंबईच्या दारातले हे गाव आता महानगर झाले आहे. तेव्हा तिथे शिकायची काय सोय आहे, हे कुणी विचारले तर त्यात वावगे काही नाही. सोय आहेच. पण पनवेलकडून शिकण्यासारखी सगळ्यांत मोठी गोष्ट तिथल्या कुठल्याच कॉलेजच्या माहितीपत्रकात छापलेली नसते. ती सांगण्यासाठी हा लेख.

आधी सोयीचे बोलू. कर्मवीर भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय पनवेलला १९७० पासून आहे. नवीन पनवेलला चांगू काना ठाकूर महाविद्यालय आहे, पिल्लई अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. गोवा रस्त्यावर तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटर आहे. तिथे तेलघाणी, साबण, खादी असे गावात चालणारे उद्योग उभे केलेले बघायला मिळतात. खारघरला निफ्ट ही केंद्र सरकारची संस्था कपड्याचे डिझाइन शिकवते. आपण पिकवलेल्या कापसाचा कपडा कसा बेतावा, कसा विकावा, याचे हे शिक्षण. कापूस वेचणाऱ्या किती मायबहिणींच्या लेकींना या संस्थेचे नाव तरी माहीत आहे?

आता हे शहर आले कुठून ते पाहू. १९७० च्या फेब्रुवारीत सरकारने नव्या मुंबईसाठी जमीन घेण्याची अधिसूचना काढली. मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल, उरण भागातली ९५ गावे त्या आखणीत आली. भातशेती, मिठागरे, मासेमारी यांवर जगणारी ही गावे. म्हणजे ज्या वर्षी पनवेलला रयतचे कॉलेज आले, त्याच वर्षी जमिनीची नोटीसही आली.

दोन्ही एकाच वर्षी आली, पण दोघांची चाल सारखी नव्हती. फळ्यावरचे अक्षर पोराच्या कामी यायला दहा-पंधरा वर्षे लागतात. नोटिशीवर हरकत घ्यायला १८९४ च्या जुन्या कायद्यात तीस दिवस होते. ज्याला ती नोटीस वाचता येत नव्हती, त्याचे तीस दिवस तलाठ्याला आणि ओळखीच्या वकिलाला शोधण्यातच जाणार.

अशा वेळी त्या भागाच्या कामी आला तो कायदा शिकून आलेला शेतकऱ्याचा मुलगा. दि. बा. पाटील उरण तालुक्यातल्या जासईचे. वकिली शिकले, पनवेलचे नगराध्यक्ष झाले, आमदार-खासदार झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासई आणि नवघर परिसरात शेतकरी रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याची ही योजना. ती मिळायलाही अनेकांना वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले. तरी हे ध्यानात घ्या, की लोक एकजुटीने उभे राहिले आणि कागद वाचू शकणारा माणूस त्यांच्यात होता, म्हणून एवढे तरी हाती आले.

आम्ही कृषी पदवी घेतलेली माणसे. म्हणून पनवेलचे आणखी एक ठिकाण आम्हांला महत्त्वाचे वाटते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र तिथे आहे. खाडीकाठच्या जमिनीत भरतीचे पाणी शिरते आणि मीठ साचते. आपल्याकडे पाऊस पडला की आपण ओल मोजतो. तिथे पहिला पाऊस आधी मीठ धुऊन काढतो, मग भाताला जागा होते. त्या खाऱ्या मातीत तग धरणारे भाताचे वाण या केंद्राने काढले. पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ ही त्यांची नावे. आपल्या अकोला-परभणीच्या विद्यापीठांनी कोरडवाहू रानासाठी जसे कापूस-ज्वारीचे वाण काढले, तसेच हे काम. शेतकऱ्याच्या मातीतून निघालेले आणि मातीत परत जाणारे शिक्षण ते हेच. पण झाले काय? बियाण्यावर पनवेलचे नाव राहिले आणि पनवेलच्या खाडीकाठची कितीतरी रोपे लावायची जमीन इमारतींखाली, रुळांखाली आणि २०२५ साली सुरू झालेल्या विमानतळाखाली गेली. ज्ञान टिकले, रान गेले.

ज्या जोतिरावांचे नाव त्या कॉलेजला आहे, त्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हाच हिशेब मांडला होता. सरकारच्या तिजोरीत पैसा येतो शेतकऱ्याच्या घामाचा आणि उच्च शिक्षणाचा लाभ होतो वरच्या वर्गांना. नव्या मुंबईत शिक्षणसंस्थांना सवलतीच्या दरात भूखंड मिळाले. ते भूखंड कुणाच्या शेतातून निघाले, हे वेगळे सांगायला नको.

कुणी म्हणेल, पनवेलचे गाऱ्हाणे आम्हांला कशाला? कारण समृद्धी महामार्ग वर्धा, अमरावती, वाशीम, बुलढाणा, जालना अशा कापसाच्या जिल्ह्यांतून गेला. २०२५ च्या जूनमध्ये तो पूर्ण खुला झाला. त्याच्या कडेने नवनगरे वसवण्याची आखणी सरकारने केलेली आहे. पनवेलला जे १९७० ला आले, ते आपल्या बांधावर येऊन उभे आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात हरकतीची मुदत साठ दिवस आहे. महामार्गासाठी वेगळा कायदा लावला की रीतही बदलते. हा फरक आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

पोरांनी शिकू नये, शेतीतच राहावे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्याला शेतीतून बाहेर पडायचे त्याने खुशाल पडावे, ताठ मानेने पडावे. पण कॉलेजातल्या जागेसाठी दोन एकर विकू नका. वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०२४-२५ पासून सरकार भरते. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. अर्ज वेळेत भरा, उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवा. आणि फी माफ झाली तरी खोलीभाडे आणि खानावळ उरतेच. त्याचा हिशेब कापसाच्या भावाशी घालूनच शहर निवडा. दोन वर्षांचा आयटीआयचा वीजतंत्री किंवा जोडारी हाही सन्मानाचा रस्ता आहे.

जिल्हा बैठकीत आमचे तीन प्रस्ताव आहेत. पहिला, प्रत्येक तालुक्यात महिन्यातून एक दिवस सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा आणि संपादनाची नोटीस वाचायचा वर्ग घ्यावा. त्यात बायांनी बसलेच पाहिजे, कारण जमिनीत त्यांचाही वाटा आहे आणि सहीच्या वेळी अंगठा त्यांचाच लागतो. दुसरा, जिथे प्रकल्पासाठी जमीन मागतील तिथे मोबदल्याच्या बोलणीतच मुलांच्या शिक्षणाचे लेखी कलम मागावे. कोणते शिक्षण, किती वर्षे, खर्च कुणाचा आणि सुरुवात ताबा देण्याआधी. तिसरा, आपल्या गावची जी पोरे कायदा, मोजणी, हिशेब शिकत आहेत त्यांची यादी करावी आणि सुटीत त्यांना या वर्गांवर बोलवावे.

बैठकीला येताना आपापला सातबारा सोबत आणा. पहिला वर्ग तिथेच घेऊ.