बाळ तेच, तास वेगळे

'अगं मावशी, हा म्हणतो आपलं बाळ शांत आहे! रोज रात्री अकरापर्यंत आकांत चालायचा तिचा आणि हा म्हणे शांत!' भाची फणकाऱ्याने सांगत होती. जावई शेजारी कानकोंडा होऊन बसलेला. पण त्या बिचाऱ्याचंही अगदीच खोटं नव्हतं. पहिलं बाळंतपण माहेरी, नाशिकला. हा नोकरीला पुण्यात. शनिवारी रात्री पोहोचायचा, रविवारी दुपारची गाडी पकडून परत. लेक साडेतीन महिन्यांची होऊन घरी आली, तेव्हा तिचं ते रडणं बरंचसं सरलं होतं. त्याने पाहिलेलं बाळ खरोखरच शांत होतं!

आपल्याकडे अशी भांडणं घरोघरी होतात. आई म्हणते, 'हे मूल अवघड आहे.' बाबा म्हणतो, 'सगळीच मुलं रडतात, तू उगाच बाऊ करतेस.' मग वाद स्वभावावर घसरतो. ती चिडकी ठरते, तो बेफिकीर. प्रत्यक्षात दोघं वेगवेगळ्या तासांबद्दल बोलत असतात.

डॉक्टर ज्याला 'कॉलिक' म्हणतात, ते रडणं बघा. १९५४ मध्ये मॉरिस वेसल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याची खूण सांगितली. बाळ एरवी ठणठणीत, पण दिवसातून तीन तासांहून जास्त, आठवड्यातून तीनहून जास्त दिवस आणि असं तीन आठवड्यांहून जास्त काळ रडतं. १९६२ मध्ये ब्रेझेल्टन या डॉक्टरने आयांकडून रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या. त्यात दिसलं की रडणं वाढत वाढत साधारण सहाव्या आठवड्यात कळसाला पोहोचतं आणि मग उतरतं. तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळं निवळतात. जोर असतो तो संध्याकाळी. आपल्या आज्या तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढायच्या. वेळ त्यांनी अचूक हेरली होती म्हणायची! या रडण्याचं नेमकं कारण अजून कुणालाच सापडलेलं नाही. पण त्यात आईचं काही चुकलेलं नसतं, एवढं नक्की.

आता आपल्या रीतीचं कॅलेंडर त्याशेजारी ठेवा. सातव्या-आठव्या महिन्यात लेक माहेरी येते. मग बाळंतपण, बारसं, सव्वा महिना, आणि तिसरा महिना उलटला की सासरी पाठवणी. म्हणजे अवघड आठवडे नेमके माहेरच्या मुक्कामातले. रीत वाईट नाही. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, हक्काची झोप हे सगळं त्या बाईला हवंच असतं. पण या व्यवस्थेत बाप पाहुणा ठरतो. बाळाला शांत कसं करायचं, हे आजी शिकवते आणि आई शिकते. त्याला कुणी शिकवतही नाही, आणि तोही आपणहून विचारत नाही.

सगळीच बाळं तीन महिन्यांत निवळतात असंही नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमधल्या शंभरावर मुलांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. सुमारे ४० टक्के मुलं सोप्या स्वभावाची निघाली, साधारण १० टक्के अवघड. या अवघड मुलांना ना झोपेची वेळ, ना भुकेची. नवं माणूस, नवी चव दिसली की रडारड. पण त्यांचं खरं सांगणं पुढेच आहे. मुलाचा स्वभाव ही अडचण नव्हे. त्या स्वभावाशी घराचा सूर जुळतो की नाही, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. आई एक वागणार, बाबा दुसरंच, तर तो सूर जुळणार कसा?

या मतभेदाची किंमतही मोजावी लागते. 'दूध पुरत नसेल तिचं,' असं कुणीतरी म्हणतं. मग वरचं दूध, बाळगुटी, ग्राइप वॉटर सुरू होतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नको, असं डॉक्टर कानीकपाळी ओरडत असतात. 'तुलाच जमत नाही' हे रोज ऐकणारी, रात्ररात्र जागणारी बाळंतीण खचते. कधी ते नैराश्यापर्यंत जातं आणि घरचे त्याला 'नाटकं' म्हणतात. दमलेल्या हातांनी बाळाला गदागदा हलवणं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं. अशा वेळी बाळाला पाळण्यात उताणं ठेवून पाच मिनिटं खोलीबाहेर जाणं हा शहाणपणा आहे. (ताप, सारखी उलटी, दूध न पिणं किंवा शीमध्ये रक्त असेल, तर मात्र वाट न बघता डॉक्टर गाठायचा.)

मग बाबाने तिथे असावं तरी कसं? २०१७ पासून आईला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम राहिली. केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीतल्या बापाला मात्र ही संहिता एका दिवसाचीही रजा देत नाही. सगळी मालकाची मर्जी! १९७६ मध्ये सुनील गावसकरांचा मुलगा जन्मला, तेव्हा ते न्यूझीलंड दौऱ्यावर होते, तिथून पुढे वेस्ट इंडिजला. तेव्हा कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. २०२० मध्ये विराट कोहली पहिल्या बाळासाठी ऑस्ट्रेलिया दौरा अर्धवट सोडून परतला, तर देशभर चर्चा! चर्चा झाली हेही काही कमी नाही. पण केंद्राच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरच्यांची देखभाल करताना दिसल्या, पुरुष २१.४ टक्के. जे करतात त्यांच्यातही बाईची दिवसाला १४० मिनिटं, पुरुषाची ७४.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर रजेचे चार दिवस बारशाच्या मांडवात न घालवता सहाव्या आठवड्यासाठी राखून ठेवता येतील. आणि बायांनो, थोडं आपणही बघायला हवं. त्याने बाळ उचललं रे उचललं की 'असं नको, मान धर, दे इकडे' म्हणत आपणच ते काढून घेतो. मग त्याला यायचं कसं?

परवा भाचीचा फोन आला. लेकीला दात येताहेत. रविवारी संध्याकाळी तिला बाबाकडे ठेवून ही तीन तास मैत्रिणीकडे गेली होती. मागून जावयाचा दमलेला आवाज आला, 'मावशी, किती रडते हो ही!'

भाची काहीच बोलली नाही. पण ती हसतेय, हे मला फोनवरही कळलं.