गोचीड उपटला, पण काम झाले का?



आपल्या गावात बहुतेक घरी कुत्रा आहे. तो रात्री वस्ती राखतो, शेतातली डुकरे हाकलतो. आपण त्याला शिळी भाकर घालतो. पण त्याच्या अंगावर गोचीड झाले, तर आपण म्हणतो, "कुत्र्याला गोचीड असायचेच!" मला हे पटत नाही. का, ते सांगते.

पावसाळ्यात आमच्या मोत्याच्या कानात गोचीड झाले. रक्त पिऊन ते एरंडीच्या बीसारखे टंब फुगले होते. मी आणि माझ्या धाकट्या भावाने इंजिनाच्या डब्यातले डिझेल चिंधीवर घेतले आणि त्याच्या कानाला चोळले. मग बोटांनी गोचीड उपटले आणि दगडाने ठेचले. फट्‌ आवाज झाला की भाऊ हसायचा. मीही हसले. मोत्या मात्र केकाटत होता. त्याची कातडी लाल झाली. दोन दिवस तो मला जवळ येऊ देईना. आणि आठ दिवसांत पाहते तर गोचीड पुन्हा तेवढेच!

पुढे मोत्याने भाकर सोडली. दिवसभर पोत्यावर पडून राही. अंग तापले, नाकातून रक्त आले. आजी म्हणाली, "पोरी, हा काय आता वाचत नाही." मी खूप रडले. बापूंनी एक दिवसाचा रोज बुडवला आणि आम्ही मोत्याला तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेले. वाटेत एक जण म्हणालेसुद्धा, "कुत्र्यापायी रोज बुडवतोस व्हय?" बापू काही बोलले नाहीत.

डॉक्टरांनी मोत्याचा ओठ वर करून हिरडी दाखवली. ती पांढुरकी पडली होती. रक्त तपासून ते म्हणाले, "हा गोचिडामुळे आलेला ताप आहे." गोचीड चावतो तेव्हा रक्त तर पितोच, पण त्याच्या लाळेतून रोगजंतू कुत्र्याच्या रक्तात जातात. मोत्याला चार आठवडे गोळ्या दिल्या. मी त्या भाकरीच्या तुकड्यात घालून द्यायची. मोत्या वाचला.

डॉक्टरांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. गोचीड हा किडा नव्हे, तो कोळी-विंचवाच्या जातीचा आहे. मोठ्या गोचिडाला आठ पाय असतात. घरी आल्यावर मी मोजले, खरेच आठ भरले! रक्त पिऊन झाले की मादी खाली पडते, भिंतीच्या भेगेत शिरते आणि तिथे हजारावर अंडी घालते. त्यातून निघालेली पिल्ले पुन्हा कुत्र्याच्या अंगावर चढतात. म्हणजे आम्ही मोत्याचे कान साफ करत होतो आणि गोचीड राहत होते आमच्या भिंतीत!

म्हणून माझे मत असे आहे की, गोचीड हा एकट्या कुत्र्याचा रोग नाही, तो आपल्या घराच्या निष्काळजीपणाचा रोग आहे. कुत्र्याला दगड मारून किंवा वेशीबाहेर सोडून तो जात नाही.

आम्ही आता असे करतो. मोत्याचे पोते उकळत्या पाण्यात धुऊन उन्हात टाकतो. भिंतीच्या भेगा बापूंनी लिंपून घेतल्या. रोज संध्याकाळी मी त्याचे कान, मान, बगला आणि बोटांच्या बेचक्या पाहते. गोचीड दिसला तर बापूंना हाक मारते, कारण दुखले की पाळलेला कुत्राही चावतो. बापू हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधतात, चिमट्याने गोचीड कातडीजवळ पकडतात आणि सरळ, हळू ओढतात. मग तो झाकणाच्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाकतात. नंतर साबणाने हात धुतात. औषध डॉक्टरांनी कुत्र्यासाठी दिले तेच लावतात. म्हशीचे औषध अंदाजाने लावू नये, कुत्रा अंग चाटतो, ते त्याच्या पोटात जाते.

डिझेल, रॉकेल लावणे किंवा पेटत्या विडीने चटका देणे बंद करावे. त्याने कातडी भाजते, आणि चवताळलेला गोचीड आणखी लाळ आत सोडतो. ठेचणे तर मुळीच नको. त्यातला घाणेरडा रस आपल्याच बोटांना लागतो. आपण त्याच हातांनी पेरू खातो!

कोणी म्हणतील, "एवढा वेळ कोणाला आहे?" मला रोज पाच मिनिटे लागतात. मोत्या मात्र रात्रभर जागतो.

त्या दिवशी मी हसले, याची मला अजून लाज वाटते. तुम्ही आज घरी गेल्यावर आपल्या कुत्र्याचे कान एकदा बघा.

– इयत्ता सातवीची एक विद्यार्थिनी