फरशीला मलम लावा

पंचतारांकित म्हटलं की माणसाला आधी मऊ गादी आठवते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रात्रपाळीला गेटवर दोन जीव असतात, एक वॉचमन आणि दुसरं त्याच्यासोबतचं कुत्रं. वॉचमनला निदान प्लास्टिकची खुर्ची मिळते. कुत्र्याच्या वाट्याला येतो कोबा.

गेल्या महिन्यात अशाच एका गेटवर रजिस्टरमध्ये नाव लिहीत उभा होतो. बाजूला चार फुटांच्या साखळीला एक दणकट कुत्रं बांधलेलं. ते उठून उभं राहिलं तेव्हा दिसलं, पुढच्या दोन्ही पायांच्या कोपरांवर रुपयाएवढे काळपट, केस गेलेले घट्टे. डावा मधोमध चिरलेला होता. कोपर जिथं टेकायचं तिथं कोब्यावर रक्ताचा डाग.

"मामा, ह्याला काही लावता का?"

"लावतो की सायेब. जळकं ऑइल लावलं दोनदा."

तेवढ्यात आतून एक साहेब आले. ते हसून म्हणाले, "अहो, काय होत नाही त्याला. घट्टे पडलेत. टणक झालंय आता."

टणक झालंय! हे वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसलो.

घट्टा म्हणजे काय? कुत्र्याच्या कोपरावर मांस जवळजवळ नसतंच. वर कातडी, खाली लगेच हाड. जड कुत्रं रोज तासन् तास टणक जमिनीवर बसलं की ती कातडी हाड आणि फरशी यांच्यामध्ये चेपली जाते. मग शरीर स्वतःला वाचवायला कातडी जाड करतं. मागच्या पायांच्या टाचांवर आणि छातीच्या हाडावरही तेच होतं. कोरडा, शांत घट्टा हा रोग नाही, तो काढायचाही नसतो. पण जाड कातडी लवचिक नसते. ती भेगाळते, भेगेत माती आणि जंतू जातात, मोडलेले केस आत रुततात आणि पू होतो. म्हणजे घट्टा पडला याचा अर्थ कुत्रं टणक झालं असा नव्हे. फरशी जिंकत चालली आहे, असा आहे.

आणि लोक इलाज कुणावर करतात? कोपरावर! जळकं ऑइल कुत्रं चाटणार आणि ते विष त्याच्या पोटात जाणार. कुणी माणसाच्या पायाच्या कुरुपाची पट्टी चिकटवतं. त्यातलं औषध कातडी जाळतं, पोटात गेलं तर आणखी वाईट. कुणी ब्लेडनं घट्टा तासतं. हे सगळं करून कुत्र्याला परत त्याच कोब्यावर बांधायचं. नळ चालू ठेवून फरशी पुसत बसण्यातला हा प्रकार.

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी माझा गुन्हाही सांगून टाकतो. आमच्या घरी शहाबादी फरशी होती आणि एक लाडकं, वजनदार कुत्रं होतं. त्याच्या कोपरावर लिंबाएवढी मऊ गाठ आली, आत पाणी भरलेली. मार सोसून सोसून हाडाजवळ अशी पाण्याची पिशवी तयार होते. मला घाई. ओळखीच्या एकाकडून सुईनं पाणी काढवलं. आठवड्यात गाठ परत भरली आणि या वेळी सुईच्या वाटेनं जंतूही आत गेलेले. ताप, पू, लंगडणं. शेवटी एका वयस्क पशुवैद्यांकडे नेलं. त्यांनी गाठीला हात लावायच्या आधी विचारलं, "हा झोपतो कुठं?"

एवढ्या दिवसांत हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. अशी गाठ लहान असताना नुसती जाड गादी दिली तरी बऱ्याचदा जिरते. मी ती संधी सुई टोचून घालवली. कापून काढणं हा अगदी शेवटचा उपाय, कारण कोपरावरचे टाके प्रत्येक हालचालीला ताणले जातात आणि जखम पुन्हा उसवते.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "गादी दिली तरी ते फरशीवरच झोपतं." खरं आहे. उन्हाळ्यात त्याला गारवा हवा असतो, टणकपणा नव्हे. मग सावलीत पट्ट्यांची बाज द्या. खालून वारा खेळतो, कोपरही टेकत नाही. दुसरं उत्तर, "धनगराची कुत्री कुठं गादीवर झोपतात?" ती मातीवर झोपतात हो, मन मानेल तिथं उकरून! दिवसभर मेंढरांमागं चालतात, अंगानं काटक असतात. तुमचं कुत्रं साखळीला बांधून, उरलेला भात घालून फुगवलेलं. वाढलेला प्रत्येक किलो त्या कोपरावरच येतो.

खर्च परवडत नाही, हे तर एमआयडीसीत कुणी बोलूच नये. मोडकी लाकडी पॅलेट, पॅकिंगचा फोम, रबराचे तुकडे, बारदान, सगळं भंगारात पडलेलं असतं. खाली पॅलेट ठेवायचं, म्हणजे पावसाळ्यात ओल लागत नाही. खिळे आधी ठोकून घ्यायचे. वर फोम, त्यावर बारदान किंवा जुनी वाकळ, आणि ती आठवड्याला धुवायची. कुत्रं फोम फाडत असेल तर जाड रबर मॅट. कोरड्या घट्ट्याला थोडी साधी पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावावं आणि लगेच चाटणार नाही हे बघावं. चीर, पू, वास, सूज किंवा लंगडणं दिसलं तर घरगुती उपाय बंद करून डॉक्टर गाठावा. एकाच कोपरावर काही वाढत असेल तरीही दाखवावं, प्रत्येक गाठ घट्टाच असते असं नाही.

आपल्याला हे कळत नाही असंही नाही. बेंदराच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी करतात. वर्षभर जू ओढून बैलाच्या खांद्याला जे घट्टे पडतात, त्यांना हळद आणि लोणी चोळतात. आणि बेंदरादिवशी त्या खांद्यावर जू ठेवत नाहीत! आपल्या आज्या-पणज्यांना नेमकं ठाऊक होतं, नुसतं लोणी पुरत नाही, ओझंही उतरावं लागतं. कुत्र्याच्या कोपरासाठी मात्र सण नाही. त्याचं ओझं एक दिवससुद्धा उतरत नाही.

कायदा आहे. प्राण्यांच्या छळाविरुद्धचा 1960 चा कायदा अवास्तव आखूड साखळीला गुन्हा म्हणतो, आणि कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवलं नाही तर तोही गुन्हाच. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. त्या गेटवरच्या चहाच्या टपरीवर याहून जास्त बिल होतं. तेव्हा कायद्याच्या भरवशावर बसू नका.

चार दिवसांनी मी एक पॅलेट, फोमचा तुकडा आणि दोन बारदानं घेऊन त्याच गेटवर गेलो. मामांनी ते मांडलं, वर स्वतः बसून बघितलं आणि म्हणाले, "आता आमच्या खुर्चीचं बी बघा की सायेब." मी हसलो. नंतर वाटलं, हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

डॉक्टरांकडेही त्याला मामाच घेऊन गेले, सुट्टीच्या दिवशी. परवा पुन्हा गेलो होतो. जखमेवर खपली धरली आहे, कुत्रं बारदानावर पसरलं होतं.

साखळी अजून चार फुटांचीच आहे.