पिकअप बदलण्याआधी दोरा आणा

सेमी-हॉलो गिटार हाताशी आहे, आवाज गढूळ वाटतोय आणि पिकअपची नवी जोडी मागवायचं मनात घोळतंय, अशा सगळ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी एक संध्याकाळ आहे त्याच गिटारला द्या. नव्या तारा चढवा. मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मानेकडचा पिकअप अर्धा मिलिमीटर खाली घ्या, वाजवा, ऐका, पुन्हा थोडा खाली घ्या. हा पिकअप तारांना फार चिकटून असला की जाड तारा फुगून वाजतात आणि सगळंच गढूळ होतं. कितीतरी गिटारींचं दुखणं इथेच बरं होतं, एक पैसाही न घालता.

कोकणात, मुंबईत, गोव्यात राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. पावसाळ्यानंतर जॅक आणि स्विचवर ऑक्साइडचा थर बसतो आणि आवाज बसका होतो, मधेच तुटतो. दोन्हींत कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पाहिल्याशिवाय पिकअपला दोष देऊ नका.

सूर टिकत नाही म्हणून महागडे ट्यूनर घेणाऱ्यांनाही थांबवावंसं वाटतं. ट्यूनर फिरवताना तार 'टिक' करून एकदम सरकली, तर ती नटच्या खाचेत अडकतेय. तीन-तीन ट्यूनरच्या डोक्यावर डी आणि जी या तारा नटपासून तिरक्या वळतात, म्हणून त्याच जास्त अडकतात. खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासा. फरक पडला, तर जाणकाराकडून नट घासून घ्या. ट्यूनर बदलायचेच असतील, तर आधी डोक्यावरची भोकं मोजा. जुन्या पद्धतीच्या ट्यूनरला साधारण 9 मिलिमीटरच्या आतलं भोक लागतं, हल्लीच्या बऱ्याच ट्यूनरला 10. घोडीचंही तेच. आयात गिटारींवर स्टडचे आटे बहुधा मिलिमीटरचे असतात, अमेरिकन सुटे भाग इंचांचे. दोन स्टडमधलं अंतर आणि आटे न मोजता मागवलेली घोडी बसेलच असं नाही.

एवढं करूनही पिकअप बदलायचेच असतील, तर खुशाल बदला. पण आपण कोणत्या वाद्यात हात घालतोय ते ओळखून. 1958 साली गिब्सनने ईएस-335 ही सेमी-हॉलो गिटार आणली. तिच्या पोटात मधोमध मेपलचा ठोकळा आहे आणि दोन्ही बाजू पोकळ. पूर्ण पोकळ गिटार मोठ्या आवाजात फीडबॅकने घुमते, तो त्रास या ठोकळ्याने कमी केला. पूर्ण गेला मात्र नाही. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग एफ-होलमध्ये, म्हणजे वरच्या f आकाराच्या भोकांत, कापड कोंबून वाजवत, आणि 1980 मध्ये त्यांच्या नावाने निघालेल्या 'ल्युसील' गिटारला एफ-होल ठेवलेच नव्हते. म्हणून मोठ्या अँपवर, ड्रमच्या शेजारी वाजवणाऱ्यांनी मेणात बुडवलेले पिकअप घ्यावेत. घरी किंवा लहान जागेत हळू आवाजात वाजवत असाल, तर बिनमेणाचे मोकळे वाटतील. पिकअपच्या रोधाच्या आकड्यामागे धावू नका. जुन्या धाटणीचे हंबकर साधारण 7 ते 8.5 किलो-ओहमचे असतात. त्याच तारेचे वेढे वाढवले की आकडा वाढतो, पण वरचे सूर दबतात, आणि सेमी-हॉलोत ऐकायचे असतात ते नेमके तेच.

आता दोऱ्याकडे येतो. या गिटारींना बहुधा मागे झाकण नसतं. चार पॉट (व्हॉल्यूम आणि टोनचे), स्विच, जॅक, सगळं एफ-होलमधून बाहेर काढायचं आणि तिथूनच आत घालायचं. पहिल्या वेळी मी दोरा न बांधता पॉटचा नट सोडला. पॉट आत पडला, आणि तो पुन्हा भोकात आणण्यात माझी अख्खी रात्र गेली. तेव्हा नट काढण्याआधी प्रत्येक दांड्याला वेगळ्या रंगाचा मजबूत दोरा बांधा आणि त्याचं दुसरं टोक टेपने बाहेर चिकटवा. दांड्यावर घट्ट बसणारी प्लॅस्टिकची नळी मिळाली तर आणखी बरं.

वरच्या भागावर पुठ्ठा ठेवून भोकांच्या जागा आखून घ्या. त्या पुठ्ठ्यावर पॉट बसवून सगळं वायरिंग बाहेरच सोल्डर करा. हंबकरला 500 किलो-ओहमचे पॉट घ्या, पण ते एफ-होलमधून जातात का ते आधी पाहा. बऱ्याच आयात गिटारींची पॉटच्या दांड्यांसाठीची भोकं लहान असतात आणि अमेरिकन पॉटला साडेनऊ मिलिमीटर लागतात. तिथे ड्रिल लावू नका, वरचा पातळ प्लाय आणि पॉलिश उडतं. टेप लावून हाताच्या रीमरने हळूहळू वाढवा. गिटार जुनी आणि मौल्यवान असेल, तर भोक वाढवूच नका. त्यात बसेल असाच पॉट शोधा.

टेलपीसच्या स्टडकडे गेलेली अर्थची वायर जपा. ती तुटली की तारांना हात लावला तरी गुणगुण थांबत नाही.

पुठ्ठ्यावर असतानाच अँप लावा, पिकअपच्या खिळ्यांना स्क्रू-ड्रायव्हर टेकवा आणि दोन्ही पिकअप, चारही पॉट, स्विचच्या तिन्ही जागा ऐकून घ्या. मगच दोऱ्यांनी एकेक पॉट वर ओढा. नट आवळताना दांडा धरून ठेवा, नाहीतर पॉट खाली फिरतो आणि सोल्डर सुटतो. तारा चढवून अर्धा तास, नेहमीच्या आवाजात वाजवा. काही खरखरलं नाही, तर दोरे कापा.