रात्री झोप लागली का?

ताप किती, बीपी किती, लघवी किती झाली, सलाईनच्या किती बाटल्या गेल्या, याचा हिशेब दवाखान्यात कागदावर असतो. तो असायलाच हवा. पण पेशंट रात्री झोपला किती, याचं उत्तर बऱ्याचदा दोन शब्दांत उरकलेलं असतं, 'झोप शांत'.

हे शब्द लिहिणारी असते रात्रपाळीची सिस्टर. अख्ख्या वॉर्डाचा भार तिच्या एकटीवर. फेरी मारताना ज्याचे डोळे मिटलेले, तो झोपला असं ती धरून चालते. तिला तरी दोष कसा द्यायचा? पण मैत्रिणींनो, डोळे मिटलेली बाई झोपलेलीच असते का हो? घरीसुद्धा आपल्यापैकी कितीतरी जणी डोळे मिटून रात्र काढतात, ते कुणाला कळतं?

आमच्या महिला मंडळाचं फळवाटप होतं तेव्हा एक बाई भेटली. पिशवीचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झालेले. म्हणाली, "ताई, तीन रात्री डोळ्याला डोळा नाही." ट्यूबलाईट थेट तोंडावर, टाके ठणकतायत आणि घरी दोन लेकरं. मी विचारलं, सिस्टरना सांगितलंस का? "कशाला त्यांना त्रास?" हे आपलं नेहमीचंच. दुखणं अंगावर काढायचं आणि झोपमोडही.

यावर उपाय अगदी साधा आहे. पेशंटच्या झोपेचा अंदाज बांधण्यापेक्षा पेशंटलाच विचारायचं. त्यासाठी 'रिचर्ड्स-कॅम्पबेल' नावाची पाच प्रश्नांची एक पद्धत नर्सिंगमध्ये वापरतात. झोप गाढ होती का? लागायला वेळ लागला का? कितीदा मोडली? मोडल्यावर परत लागली का? एकूण रात्र कशी गेली? प्रत्येकाला पेशंटने ० ते १०० मध्ये गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. फार वेळ लागत नाही, मशीन लागत नाही. अशी विचारणा जिथे झाली, तिथे अनेकदा दिसलं की नर्सना वाटलेली झोप पेशंटने सांगितलेल्या झोपेपेक्षा जास्त होती.

झोपेचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. पण झोप मोडली की दुखणं दुप्पट वाटतं, माणूस चिडतो, जेवत नाही. वयस्कर पेशंट तर रात्री एकदम बडबडायला लागतात, सलाईन ओढतात, माणसं ओळखत नाहीत. मग 'बाहेरचं झालं' म्हणून कुजबुज सुरू होते. बाहेरचं काही नसतं. जंतुसंसर्ग, औषधं, जागरण अशी कारणं त्यामागे असू शकतात. अशा वेळी डॉक्टरांना लगेच बोलवायचं. आपल्या मनाने झोपेची गोळी तर मुळीच द्यायची नाही. गुंगीत बाथरूमला जाताना म्हातारं माणूस पडलं, की हाड मोडून नवीन दुखणं.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं, त्यात गोंगाटावर स्वतंत्र प्रकरण आहे. आपल्याकडेही २००० सालच्या नियमांनुसार हॉस्पिटलभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. रात्री १० ते सकाळी ६ तिथे आवाजाची मर्यादा ४० डेसिबल. हे झालं बाहेरच्या भोंग्यांचं. पण वॉर्डातले डबे आपटणारे, मोबाईलवर मोठ्याने बोलणारे, एका पेशंटमागे पाच जण बसणारे कोण? आपणच ना!

दवाखान्यांनीही थोडं बघावं. रात्रीची कामं जमतील तेवढी एकाच फेरीत उरकावीत, झोपायच्या वेळी दिवे मंद करावेत, ट्रॉलीच्या चाकांना तेल घालावं. आणि मुख्य म्हणजे सिस्टरांच्या रिकाम्या जागा भराव्यात. जिला पाणी प्यायला फुरसत नाही, तिने पाच प्रश्न विचारायचे कधी?

तोवर एवढं आपल्या हातात आहे. पेशंटला भेटायला गेलात तर 'जेवलात का' याच्याबरोबर 'रात्री झोप लागली का, कितीदा जाग आली' हेही विचारा. आणि जे उत्तर मिळेल ते सिस्टरच्या कानावर जरूर घाला.